मानमोडी एक, आजार दोन

माझी आजी खानदेशातल्या पांझरा नदीच्या काठची. तिच्या आईकडून ऐकलेली एक आठवण ती आम्हाला सांगायची, आणि दर वेळी सुरुवात दोनच शब्दांनी व्हायची, ‘मानमोडी उनी’, म्हणजे मानमोडी आली. आज घरातला एक जण अंथरुणाला खिळला की उद्या चौघे पडायचे, आणि परवा तोंडात पाणी घालायलाही कोणी उभं नसायचं. हे साल १९१८. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. जून महिन्यात जहाजांबरोबर मुंबई बंदरात उतरलेला हा ताप रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेला. पावसाळ्याच्या शेवटी त्याची दुसरी लाट आली, ती पहिलीपेक्षा कितीतरी जीवघेणी होती. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटी वीस लाख ते एक कोटी ऐंशी लाख माणसं दगावली असावीत, असे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातलं एकच दशक असं, की त्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

दुसरी मानमोडी माझ्या माहितीची होती ती नवापूरच्या मामाच्या लेअर शेडमधली, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या शेडमधली. कोंबडीची मान पिरगळते, ती गोल गोल फिरते, पाय ताणते आणि मरते. या आजाराचं पुस्तकी नाव राणीखेत. पण आपल्याकडे पक्षी पाळणारा माणूस मानमोडीच म्हणतो.

म्हणून २००६ च्या सुरुवातीला नवापूरच्या शेडांमध्ये पक्षी मरायला लागले, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, राणीखेत. मामाही तेच म्हणत होता. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला सरकारने जाहीर केलं, की हा एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू आहे. भारतातला पहिला, आणि तोही नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांमध्येही तो सापडला.

हा नावाचा गोंधळ मला फार महत्त्वाचा वाटतो. राणीखेतचा विषाणू आणि इन्फ्लुएन्झाचा, म्हणजे फ्लूचा, विषाणू ही दोन वेगळी कुळं. आजीच्या आईने पाहिलेली मानमोडी इन्फ्लुएन्झाची. नवापुरात आला तोही इन्फ्लुएन्झाच, म्हणजे १९१८ च्या तापाचा चुलत भाऊ. मामाला जी कोंबडीची मानमोडी वाटली, ती नात्याने माणसाच्या मानमोडीला जवळची होती. कोंबडीचा, माणसाचा, डुकराचा आणि घोड्याचा फ्लू एकाच घराण्यातले कसे, आणि तरीही प्रत्येक जण दुसऱ्याच्या अंगणात सहज का शिरत नाही, हे समजून घेतलं तर आपल्या खुराड्यापासून दवाखान्यापर्यंत पुष्कळ गोष्टींचा अर्थ लागतो.

इन्फ्लुएन्झाचे चार प्रकार आहेत: ए, बी, सी आणि डी. बी मुख्यतः माणसातच फिरतो. सी मुळे बहुधा साधी सर्दी होते. डी गुराढोरांत आढळतो. खरा भटका तो ए. पक्षी, डुक्कर, घोडा, कुत्रा, मांजर, सील, गाय, माणूस, सगळीकडे त्याचा वावर आहे. आकार म्हणाल तर एका मिलिमीटरच्या रेषेत असे सुमारे दहा हजार विषाणू ओळीने मावतील. त्याला खाणं-पिणं नाही, श्वास नाही, स्वतःचं पिल्लू स्वतः घालणंही नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरायचं आणि तिच्याकडून स्वतःच्या नकला काढून घ्यायच्या, एवढंच त्याचं काम.

शिरण्यासाठी त्याच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिनं असतात. एकाचं नाव हिमॅग्लुटिनिन, म्हणजे ‘एच’. दुसऱ्याचं न्यूरामिनिडेज, म्हणजे ‘एन’. एच५एन१ या नावातली अक्षरं हीच. पक्ष्यांमध्ये एचचे सोळा आणि एनचे नऊ प्रकार ठरलेले आहेत, वटवाघळांत आणखी काही निराळे सापडले. शेळ्यांसाठी बाभळीचा पाला ओढायला आपण बांबूच्या टोकाला आकडी बांधतो, तसं एचचं काम पेशीला धरायचं. एन ही कात्री. नव्या नकला तयार होऊन पेशीच्या पृष्ठभागावर अडकून राहिल्या की ती धागे कापून त्यांना सोडवते, मग त्या पुढच्या पेशीकडे निघतात.

ही आकडी पेशीवर जिथे अडकते, त्या जागेला सायलिक आम्ल म्हणतात. ते साखरेच्या साखळीच्या टोकाला असतं आणि दोन तऱ्हांनी जोडलेलं असतं. बदकाच्या आतड्यात एका तऱ्हेची जोडणी भरपूर. माणसाच्या नाकात आणि घशात मुख्यतः दुसऱ्या तऱ्हेची. पक्ष्यांच्या विषाणूची आकडी पहिल्या जोडणीवर घट्ट बसते, आपल्या नाकातल्या जोडणीवर मात्र निसटते. बर्ड फ्लू आणि माणूस यांच्या मधली सगळ्यात मोठी भिंत ही. २००६ मध्ये शेडमध्ये काम करणारी, मेलेले पक्षी हातांनी उचललेली कितीतरी माणसं नवापुरात होती. काहींना तपासणीसाठी वेगळं ठेवलं गेलं, पण एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही.

पण भिंतीला भगदाडं आहेत. पक्ष्याला चालणारी ती पहिली जोडणी आपल्या फुप्फुसांच्या अगदी तळाशी आणि डोळ्यांवरच्या पातळ पडद्यावरही असते. बंद शेडमध्ये वाळलेल्या विष्ठेची धूळ खोल श्वासात गेली, किंवा तोच हात डोळ्यांना लागला, तर विषाणूला जागा मिळते. तळाशी पोचला तर निमोनिया फार वाईट होतो. २००३ पासून जगभरात एच५एन१ ची लागण झालेली नऊशेहून अधिक माणसं नोंदवली गेली आणि त्यातली जवळपास निम्मी गेली. सौम्य आजार झालेले कित्येक जण या मोजणीत आलेच नसतील. पण निम्मी हा आकडा वाचून मी आजही क्षणभर थांबतो. मात्र इतका खोल बसलेला विषाणू खोकल्या-शिंकेतून सहज बाहेर पडत नाही, म्हणून तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे फारसा जात नाही. नाका-घशात बसणाऱ्या नेहमीच्या फ्लूला मात्र ते सोपं असतं.

दुसरी अडचण तापमानाची. कोंबडीचं अंग एकेचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस गरम, आपल्या नाकाची आतली बाजू जेमतेम तेहेतीस अंश. पक्ष्यात वाढलेल्या विषाणूचं नकला काढणारं यंत्र एवढ्या गारव्यात मंदावतं. आणि इथेच काळजीची गोष्ट आहे. त्या यंत्राच्या एका प्रथिनात ६२७ व्या जागी असलेला एकच घटक बदलला, तर ते आपल्या शरीरात झपाट्याने चालायला लागतं. माणसात शिरलेल्या बर्ड फ्लूच्या विषाणूंमध्ये हा बदल पुन्हा पुन्हा सापडला आहे.

आता शेडकडे येऊ, कारण ‘सगळा बर्ड फ्लू सारखाच’ हा समज मला गावोगाव भेटतो. विषाणूची आकडी सुरुवातीला मिटलेली असते, शिवून टाकल्यासारखी. तिचा एक टाका उसवल्याशिवाय ती कामाला येत नाही. टाका उसवणारं रसायन विषाणूकडे नसतं, ते त्याला पक्ष्याच्या शरीरातच मिळतं. साध्या जातीच्या विषाणूला लागणारं रसायन फक्त आतड्यात आणि श्वासनलिकेत असतं. म्हणून पक्षी थोडा शिंकतो, अंडी कमी देतो, खाद्य सोडतो, पण बहुधा वाचतो. एच५ आणि एच७ या दोन प्रकारांत मात्र कधी कधी टाक्याची शिवणच बदलते. मग शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारं रसायन तो टाका उसवू शकतं. मेंदू, काळीज, स्नायू, कातडी, काहीच सुटत नाही. तुरा निळा-जांभळा पडतो, डोकं सुजतं, पायांवर रक्ताचे डाग येतात, आणि दोन-तीन दिवसांत शेड रिकामी होते. विषाणू मेंदूत पोचला की मान पिरगळते, अगदी राणीखेतसारखी. नवापुरात मामासारख्या अनुभवी माणसाचा अंदाज चुकला त्याचं एक कारण हे. नुसत्या डोळ्यांनी हे दोन आजार वेगळे काढता येत नाहीत.

त्या फेब्रुवारीत पांढऱ्या पोशाखातली माणसं घरोघरी फिरली. जेसीबीने खड्डे काढले, पक्षी पुरले, वर चुना टाकला. लाखो पक्षी गेले. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, एकच बाकडं दोन राज्यांत पडतं. विषाणूला ती रेघ कुठली दिसणार? पलीकडच्या उच्छल तालुक्यातही तेच घडलं. मामीने तिच्या तीन गावठी कोंबड्या कणगीमागे डालग्याखाली लपवल्या होत्या. पथक आलं तेव्हा एक कोंबडी कलकलली. मामी रडत म्हणाली, त्या धडधाकट आहेत, दाणे टिपतायत, त्यांना कशाला मारता? त्या वेळी तिला कोणी नीट उत्तर दिलं नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं, कारण उत्तर होतं. लागण झालेला पक्षी आजारी दिसू लागण्याआधीच विष्ठेतून आणि चोचीतून विषाणू बाहेर टाकायला लागतो. मरणापेक्षा हा मधला वेळ जास्त धोक्याचा, कारण याच वेळात पक्षी बाजारात विकला जातो, पाहुण्याकडे भेट म्हणून जातो, एका डालग्यातून दुसऱ्यात जातो. आताच्या सरकारी आराखड्यानुसार साथ सापडलेल्या जागेभोवती एक किलोमीटरपर्यंतचे पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा साथ आली, तेव्हा मामीने लपवालपवी केली नाही. तोवर तिला कारण कळलं होतं.

हा विषाणू मुळात आला कुठून? शेडमधून नाही. त्याचं माहेर पाणपक्ष्यांत आहे: बदकं, हंस, कुरव, सुरय. पिढ्यान्‌पिढ्या तो त्यांच्या आतड्यात मुक्काम करतो आणि बदक बहुतेक वेळा ढिम्म असतं. विष्ठेतून पाण्यात पडलेला विषाणू थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतो, आपल्या उन्हाळ्यातल्या तापलेल्या डबक्यात मात्र लवकर संपतो. तापी-पूर्णेच्या संगमाखाली हातनूर धरण आहे. तिथे हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे पाहुणे उतरतात आणि पक्षिप्रेमींची गर्दी होते. मीही जातो. त्या पक्ष्यांवर राग काढायचं काहीच कारण नाही. आजचा घातक एच५एन१ ओळखला गेला तो १९९६ मध्ये चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांत. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये त्याने अठरा माणसांना गाठलं, सहा दगावली, आणि तिथल्या सगळ्या कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. आधी आपल्या दाटीवाटीच्या पक्षीपालनात तो घातक झाला, मग रानपक्ष्यांत उलटा शिरला. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. त्यांत हिमालय ओलांडून भारतात येणारे पट्टकादंब हंस सगळ्यात जास्त होते.

आता या विषाणूचा स्वभाव, कारण सगळ्या साथींचं मूळ त्यात आहे. त्याची सगळी माहिती एका धाग्यावर नसते, आठ सुट्या तुकड्यांवर असते. न शिवलेल्या आठ पानांची वही समजा. पान उतरवून काढताना त्याच्या हातून सारख्या चुका होतात आणि त्या तपासणारं कोणी नसतं. बहुतेक चुकांनी नक्कल वाया जाते, एखाद्या चुकीने आकडीचा आकार थोडा बदलतो, आणि गेल्या वर्षी ओळख झालेल्या आपल्या प्रतिकारशक्तीला यंदाचा पाहुणा अनोळखी वाटतो. फ्लूची लस दर वर्षी नवी का घ्यायची, याचं उत्तर इथेच आहे.

दुसरा प्रकार जास्त गंभीर. एकाच पेशीत दोन वेगळ्या वह्या एकाच वेळी शिरल्या, तर सुटी पानं एकमेकांत मिसळतात. आठ पानांच्या दोन वह्यांतून २५६ प्रकारच्या जोडण्या होऊ शकतात. डुकराच्या श्वासनलिकेत पक्ष्यांना चालणारी आणि माणसांना चालणारी अशा दोन्ही जोडण्या असतात, म्हणून अशी सरमिसळ तिथे सहज होते. १९५७ आणि १९६८ या दोन्ही जागतिक साथींचे विषाणू माणसाच्या जुन्या फ्लूत पक्ष्याच्या फ्लूची काही पानं येऊन तयार झाले होते. २००९ चा तर पक्षी, माणूस आणि दोन खंडांतली डुकरं यांच्या पानांचा मिळून झालेला. तो ऑगस्टमध्ये पुण्यात पहिला बळी घेऊन गेला, तेव्हा धुळ्यात मास्क मिळेनासे झाले होते. लोक त्याला आजही स्वाइन फ्लू म्हणतात, पण तो आता माणसाचा नेहमीचा फ्लू आहे. महाराष्ट्रात तो पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या शेवटी फिरतो. तो माणसाकडून माणसाला होतो, त्यासाठी डुक्कर लागत नाही. आणि १९१८ चा? त्याची पानं जपून ठेवलेल्या जुन्या ऊतींमधून आणि अलास्कात गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका मृतदेहामधून शास्त्रज्ञांनी परत वाचली. ती पक्ष्यांच्या विषाणूशी जवळची निघाली.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, तो ज्याने पाहिला नाही त्याने खानदेश अर्धाच पाहिला. देशभरातून घोडे येतात, एकमेकांना खेटून बांधले जातात. घोड्यांनाही फ्लू होतो, एच३एन८. ताप, कोरडा खोकला, नाकातून पाणी, आणि एका घोड्याच्या खोकल्यातून पूर्ण तबेला. तोही पक्ष्यांकडून आलेला, घोड्यात पहिल्यांदा १९६३ मध्ये ओळखला गेला. २००८ मध्ये तो आपल्या देशात जम्मूतल्या कटऱ्याहून पसरला होता. अमेरिकेत हाच विषाणू २००४ च्या सुमारास शर्यतीच्या कुत्र्यांत शिरला आणि बरीच वर्षं कुत्र्यांत फिरत राहिला. घोड्याकडून माणसाला तो होत नाही म्हटलं तरी चालेल. पण खोकणारा घोडा बाजारात आणू नये, आणि विकत घेतलेला घोडा दोन आठवडे वेगळा बांधावा, एवढं तरी व्हायला हवं.

अलीकडच्या दोन घटनांनी मात्र जाणकारही चमकले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने मेले. मांजरकुळाला हा विषाणू फार जड जातो, आणि कच्चं कोंबडीचं मांस हा त्यांच्यासाठी ओळखीचा मार्ग आहे. म्हणून मेलेली कोंबडी कुत्र्या-मांजरापुढे टाकायची आपली सवय सोडायलाच हवी. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत हा विषाणू दुभत्या गायींच्या कासेत सापडला. कासेत त्याच्या आकडीला अडकायला भरपूर जागा असते. दुधातून तो बाहेर पडत होता, आणि गोठ्यातली कच्चं दूध प्यायलेली मांजरं मेली. आपल्याकडे दूध उकळून प्यायची पद्धत आहे ती अगदी योग्य. उकळण्याने विषाणू मरतो. मांस आणि अंडी आतपर्यंत सत्तर अंशांवर शिजली की तिथेही मरतो. खानदेशी रश्शात रटरट शिजलेल्या कोंबडीपासून धोका नाही. धोका ती कापण्यात, पिसं काढण्यात, आतडी साफ करण्यात आहे.

माणसात शिरण्याच्या घटना आपल्या आसपास अगदीच नाहीत असं नाही. आपल्याच सातपुड्यात, मेळघाटात, २०१९ मध्ये सुमारे दीड वर्षाच्या एका बाळाला एच९एन२ हा कोंबड्यांतला सौम्य फ्लू झाल्याचं आढळलं. बाळ बरं झालं. २०२१ मध्ये हरियाणातला एक मुलगा दिल्लीत एच५एन१ ने गेला, तो भारतातला असा पहिला मृत्यू.

औषधाचं एक सांगतो, कारण त्यात आपला मसाला येतो. ओसेल्टामिविर हे औषध विषाणूची कात्री जाम करतं. नव्या नकला पेशीवरच अडकून राहतात. म्हणून ते लवकर, पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी, कारण एकदा नकला पसरल्या की कात्री अडवून फारसं साधत नाही. त्याचा कच्चा माल, शिकिमिक आम्ल, बराच काळ चक्रीफुलातून काढला जायचा. हेच ते आपल्या काळ्या मसाल्यातलं. पण म्हणून चक्रीफुलाचा काढा पिऊन फ्लू जात नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. त्या आम्लापासून औषधापर्यंत बऱ्याच रासायनिक पायऱ्या आहेत. अँटिबायोटिकनेही विषाणू मरत नाही. फ्लूनंतर फुप्फुसात जिवाणू शिरले तर डॉक्टर ते देतात. १९१८ मध्ये बहुतेकांना त्या जिवाणूंनीच मारलं होतं, आणि तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं. गरोदर बाई, मधुमेही, दम्याचा रुग्ण, म्हातारं माणूस, पाच वर्षांच्या आतलं मूल यांचा ताप अंगावर काढू नये. धाप लागली, ओठ निळे पडले, मूल पाणी घेईना, तर रात्र असली तरी निघावं. यांच्यासाठीच दर वर्षीची लस आहे. फ्लूची बरीचशी लस आजही कोंबडीच्या अंड्यातच वाढवली जाते.

मामाचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे. शेड लहान झाली, पण चालू आहे. दारात चुन्याची पट्टी असते, आत जायची चप्पल वेगळी, ती बाहेर येत नाही. आठवडी बाजारातून आणलेला पक्षी पंधरा दिवस मागच्या पडवीत राहतो. खाद्याची पोती झाकलेली, पाण्याची टाकी जाळीने बंद, म्हणजे चिमण्या-बगळ्यांची विष्ठा त्यात पडत नाही. गेल्या थंडीत एका रात्रीत अकरा पक्षी मेले. चारांच्या माना वाकड्या होत्या. मामाने तोंडाला फडकं बांधलं, हातमोजे घातले, मेलेले पक्षी जाड पिशवीत बांधले, शेड बंद केली आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांनी फोनवरच विचारलं, “काका, काय वाटतं, राणीखेत?”

मामा म्हणाला, “मला काय वाटतं ते विचारू नका, साहेब. नमुना घ्या.”

नमुना पुण्याला गेला. अहवाल येईपर्यंत मामाने एकही अंडं विकलं नाही. अहवाल राणीखेतचा आला.